खोल पाण्याकडची जागा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या गळ मंडळाचेही अध्यक्ष आदरणीय हेडसर, आपला दवाखाना संध्याकाळपुरता बंद ठेवून आवर्जून आलेले प्रमुख पाहुणे डॉक्टरसाहेब, आजचे सत्कारमूर्ती आणि आपल्या सर्वांचे लिफ्टकाका, समोर पहिल्या रांगेत बसलेली त्यांची लेक, आणि दर रविवारी सकाळी ज्यांच्या नुसत्या पाठी बघायची मला सवय आहे, पण आज चक्क चेहरे दिसतायत, असे माझे मंडळातले सर्व बंधू आणि मोजक्या भगिनी, आपणां सर्वांना माझा सविनय नमस्कार.

मंडळाची चिटणीस या नात्याने काकांविषयी चार शब्द बोलण्याचा मान मला दिला गेला. हेडसरांनी आत येतानाच बजावलंय की चार म्हणजे चारच. सर, माझं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर मी लोकांना 'आता खालची ओळ वाचा' एवढंच म्हणत असते. त्यामुळे माईक हातात आला की काय होईल ते माझं मलाच ठाऊक नाही. सांभाळून घ्यावं.

काका उद्या लेकीकडे राहायला जातायत. कायमचे. तेव्हा आजचा प्रसंग आनंदाचा की दुःखाचा? निरोपाच्या भाषणात असं म्हणण्याची पद्धत आहे की एका डोळ्यात हसू आणि एका डोळ्यात आसू. डोळे हा माझा धंदा असल्यामुळे मी सांगू शकते की असं काही होत नाही. दोन्ही डोळ्यांत एकच असतं. माझ्या डोळ्यांत आज काय आहे ते बोलता बोलता निघेलच बाहेर.

आधी पाहुण्यांसाठी थोडी माहिती, कारण डॉक्टरसाहेब मासा फक्त ताटात ओळखतात. आपल्या वस्तीबाहेर दगडाची एक जुनी खाण आहे. दगड काढता काढता ती इतकी खोल गेली की एक दिवस खालून झरे फुटले आणि काम बंद पडलं. यंत्रं वर काढायलाही कोणाला सवड मिळाली नाही. एक अख्खी क्रेन अजून पाण्याखाली उभी आहे. पुढे पाणी निवळलं, कोणीतरी त्यात मासे सोडले, आणि आमच्यासारख्यांना रविवारी घरातून पळून जायला हक्काचं ठिकाण मिळालं. आम्ही मासे धरतो आणि परत पाण्यात सोडतो. आमच्या घरचे गेली कित्येक वर्षं मला विचारतायत, 'सोडायचाच होता, तर धरला कशाला?' मी अजून त्यांना समाधानकारक उत्तर देऊ शकलेले नाही. इथे बसलेल्या कोणाला ते सापडलं असेल तर कार्यक्रमानंतर मला भेटावं.

पण खरं सांगू का? काठावर बसून गळ टाकला की माझं दुकान, उधार चष्मा नेणारे, घरातली कुरबुर, सगळं मागे फाटकापाशी थांबतं. समोर पाणी आणि पाण्यावर ते एवढंसं लाल बूच. बूच हललं की वाऱ्याने हललं की माशाने, याच्यापलीकडे जगात दुसरा प्रश्न उरत नाही. आणि ते एकदम खाली गेलं, दोरी ताणली गेली, पलीकडून कोणीतरी जिवंत ओढतंय हे हाताला कळलं की छातीत जे काही होतं, ते डॉक्टरसाहेब, तुमच्या कुठल्याही यंत्रावर उमटणार नाही. मासा हातात येतो, थंडगार, रागावलेला. आपण त्याला बघतो, तो आपल्याला बघतो. मग सोडायचा. शेपटीचा एक फटकारा तोंडावर पाणी उडवून जातो आणि आपण खुळ्यासारखं हसत बसतो.

आता आमच्या मंडळाची एक रीत सांगायला हवी, कारण तिच्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. खाणीचा काठ फाटकापासून निघतो आणि उंच कड्याखाली संपतो. फाटकाजवळ पाणी उथळ. तिथे बोटाएवढे मासे येतात आणि आमिष खाऊन आपल्याला वेड्यात काढून जातात. कड्याकडे सरकत जावं तसं पाणी खोल आणि मासा मोठा. प्रत्येक सभासदाची जागा ठरलेली आहे. मी तापाने फणफणून घरी पडले तरी माझ्या जागेवर दुसरा कोणी बसणार नाही. जागा मागायची नसते. मंडळ सोडून जाणारा माणूस ती आपल्या हाताने देतो. ज्याला द्यायची त्याला तिथे बसवायचं, त्याच्या काठीने पहिला गळ आपण टाकायचा आणि काठी त्याच्या हातात द्यायची. मग त्याची मोकळी झालेली जागा त्याने शेजारच्याला द्यायची, त्याने पुढच्याला, असं करत करत फाटकापर्यंत. नवा माणूस फाटकाशी सुरुवात करतो आणि केस पिकता पिकता कड्याकडे पोहोचतो. नोकरीतल्या बढतीसारखंच हे. आणि बढतीचं तुम्हाला माहीत आहे. वरचा माणूस कधी निवृत्त होतोय असं प्रत्येकाला वाटत असतं, पण ते कोणी त्याच्या तोंडावर म्हणत नाही.

अगदी कड्याखाली एक सपाट दगड आहे. गेल्या रविवारपर्यंत ती काकांची जागा. शेजारी माझी. मग आपले बेकरीवाले, मग हेडसर. सर, आपण सर्वत्र अध्यक्ष असलात तरी पाण्याकाठी चौथे होतात, हे नम्रपणे नमूद करते.

काकांनी जन्मभर लिफ्टा दुरुस्त केल्या. माझी त्यांची ओळखही लिफ्टमध्येच झाली, म्हणजे मी आत आणि ते बाहेर. माझं दुकान पूर्वी ज्या इमारतीत होतं तिथली लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध अडकली. आत मी एकटी. मी दार बडवलं, ओरडले, सगळं केलं. मग बाहेरून एक सावकाश आवाज आला, 'ताई, दार ओढू नका. ओढलं की ते जास्त घट्ट बसतं.' नंतर कळलं की हा माणूस लिफ्ट अडकली की आधी मोटरकडे जायचाच नाही. मोटरकडे हाताखालच्या माणसाला पाठवायचा आणि स्वतः दाराबाहेर जमिनीवर बसून आतल्याशी बोलत राहायचा. माझ्याशी काय बोलले? मासे. कुठलं आमिष कुठल्या पाण्यात चालतं, गांडूळ कधी लावायचं आणि कणकेची गोळी कधी. दार उघडलं तेव्हा मी घाबरलेली नव्हते, मला फक्त पुढचं ऐकायचं होतं. त्या रविवारी मी खाणीवर गेले. फाटकाशी बसले.

माझा पहिला मासा. बूच थरथरलं आणि मी काठी खेचणार, एवढ्यात काका लांबूनच म्हणाले, 'थांबा. आत कोणीतरी आहे.' लिफ्टवाल्याची भाषा ती! तेव्हापासून आमच्या मंडळात बूच हललं की 'मासा लागला' असं कोणी म्हणत नाही. 'आत कोणीतरी आहे' असंच म्हणतात. तो पहिला मासा माझ्या चष्म्याच्या डबीत मावला असता. पण काकांनी आपली जागा सोडून, अख्खा काठ चालून येऊन त्याचं कौतुक केलं. तो सोडताना मला रडू आलं होतं, हे मी आज पहिल्यांदा सांगते.

आणि काकांचा तो मिशीवाला मासा! तो प्रसंग इथल्या कोणाला आठवत नाही? गळ लागला तो दुपारी, आणि मासा सरळ गेला पाण्याखालच्या क्रेनमध्ये. दोरी लोखंडात गुंतली. आम्ही सगळे गोळा झालो. प्रत्येकाचा सल्ला तयार. बेकरीवाले म्हणाले, कापा. हेडसर म्हणाले, ओढा. काकांनी दोन्ही केलं नाही. त्यांनी दोरी सैल सोडली, पूर्ण सैल, आणि बसून राहिले. म्हणाले, तो गेला त्याच वाटेने परत येईल, फक्त त्याला वाटलं पाहिजे की कोणी ओढत नाहीये. आम्ही ताटकळलो. बेकरीवाल्यांची भट्टी तिकडे पेटलेली होती, पण यांचा पाय निघेना, आणि दुसऱ्या दिवशी अख्ख्या वस्तीने करपलेला पाव खाल्ला. उन्हं उतरली तेव्हा दोरी आपोआप हलली, क्रेनमधून बाहेर आली आणि तो अगडबंब मासा काकांच्या पायाशी येऊन टेकला. दमलेला. काकांनी त्याच्या मिशांवरून हात फिरवला, दुकानात फोटो लावण्याच्या माझ्या सगळ्या विनवण्या कानाआड केल्या, आणि सोडून दिला. म्हणाले, त्याने आज पुष्कळ काम केलंय, जाऊ दे घरी.

असो. मी काकांच्या जाण्याविषयी बोलायला उभी राहिले आणि माशांवर घसरले. पण घसरण्यावरूनच मूळ गोष्ट सुरू होते.

मध्यंतरी काका कड्याखालच्या ओल्या दगडावरून घसरले. गुडघा दुखावला. डॉक्टरसाहेबांनी तो जागेवर आणला. लेक धावत आली, तिने बघितलं की बाबा घरात एकटे भिंत धरून चालतायत, आणि ती म्हणाली, आता माझ्याकडेच चला. कुठल्या लेकीने वेगळं काही म्हटलं असतं? काका हो म्हणेनात, नाहीही म्हणेनात. मग लेकीने मला फोन केला. म्हणाली, मावशी, तुम्ही सांगितलंत तर ते ऐकतील. बाळ, तुझं अजिबात काही चुकलेलं नाही, हे मी सगळ्यांसमोर आधी सांगून ठेवते. पुढे जे येतंय ते माझं आहे.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काका दुकानात आले. चष्म्याची काडी सैल झाली होती. मी स्क्रू पिळत होते आणि ते काउंटरवर हात ठेवून उभे होते. जरा वेळाने म्हणाले की डॉक्टर तर म्हणतात, कड्यापाशी उतरायला धरायला एक लोखंडी दांडा बसवून घेतला तर गुडघा अजून पुष्कळ वर्षं साथ देईल. मग म्हणाले, 'तुम्हाला काय वाटतं? जाऊ का?'

मी म्हणाले, 'जा, काका.'

लगेच म्हणाले. स्क्रूवरून मान वर न काढता. मग मी कारणं दिली. नातवंडं आहेत. तिकडे इमारतीला लिफ्ट आहे, जिने चढायला नकोत, आणि लिफ्ट बिघडली तर माणूस घरातच आहे, असा विनोदही केला. काका हसले. एकटं राहण्यापेक्षा माणसांत बरं, म्हणाले मी. दांड्याचा विषय मी काढलाच नाही. सगळी कारणं खरी होती. कोणीही ती दिली असती. पण मंडळी, ती मला नंतर सुचली. आधी आलं ते 'जा'. आणि 'जा' म्हणण्याच्या आधी, त्या एवढ्याशा क्षणात, माझ्या डोळ्यांसमोर काय आलं होतं? काकांचा गुडघा नाही. नातवंडं नाहीत. कड्याखालचा तो सपाट दगड आला होता, त्याच्यावर सकाळचं ऊन, आणि मी माझी घडीची खुर्ची कुठल्या कोपऱ्यात ठेवीन हेसुद्धा दिसलं होतं.

तुम्ही हसताय. मलाही त्या रात्री आमच्या घरच्यांना सांगताना हसू आलं होतं. ते हसले नाहीत. म्हणाले, 'एका दगडासाठी?' मी म्हणाले, तुम्हाला नाही कळणार. आणि मग मला माझीच लाज वाटली, कारण त्यांना बरोबर कळलं होतं.

आता गेल्या रविवारबद्दल. आपण सगळेच तिथे होतो, पण जे तिथे नव्हते त्यांच्यासाठी सांगते. काकांनी रीतीप्रमाणे जागा दिली. मला हात धरून त्या दगडावर बसवलं. माझ्या काठीने गळ टाकला. काय तो टाकला! आवाजसुद्धा नाही, पाण्याने तो नुसता आत घेतला. काठी माझ्या हातात दिली. मी माझी जागा बेकरीवाल्यांना दिली, त्यांनी त्यांची हेडसरांना, सरांनी त्यांच्या शेजारी बसणाऱ्या आपल्या फोटोग्राफरना, आणि अशी सगळी रांग उठली. प्रत्येकाच्या एका हातात खुर्ची, एका हातात बादली, तोंडावर हसू लपत नाहीये, आणि सगळे एकेक जागा पुढे. 'अभिनंदन, अभिनंदन' चाललं होतं. फोटोही निघाले. ते मागे पडद्यावर दाखवणार होतो, पण मीच नको म्हणाले.

आणि तेवढ्यात माझं बूच खाली गेलं. खाली म्हणजे दिसेनासंच झालं. लगेच, पहिल्याच गळाला! मी आयुष्यात एवढा मासा धरलेला नाही. काठी कमानीसारखी वाकली. मी दमले, ओरडले, पाण्यात गुडघाभर उतरले. काका शेजारून सांगत होते, सैल, आता सैल, येऊ दे त्याला. तो वर आला तेव्हा त्याच्या अंगावर पितळेसारखी चमक होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जास्त काकांनी. आणि मी इतकी खूश झाले होते, इतकी, की मला लग्नाच्या दिवशीही तेवढा आनंद झाला नसेल. आमचे घरचे आज आलेले नाहीत म्हणून बोलतेय.

मासा सोडला. पुन्हा आमिष लावलं. पुन्हा गळ टाकला. सगळे आपापल्या नव्या जागांवर बसले, काठ शांत झाला. मग केव्हातरी माझ्या लक्षात आलं की माझ्या मागे सावली पडतेय.

काका उभे होते. रीत अशी आहे की जागा देऊन झाली की माणूस निघून जातो. आमच्यातून जे जे गेले ते हात हलवत फाटकातून बाहेर पडले, मागे वळूनही बघितलं नाही. काका गेले नाहीत. त्यांची काठी त्यांच्या हातात होती, पिशवी खांद्याला होती, पिशवीत आमिषाची डबी होती. माणूस आमिष कधी आणतो? मासे धरायचे असतील तेव्हाच ना? ते तसे उभे होते, गुडघा दुखतो म्हणून एका पायावर भार टाकून. संगीत खुर्चीत गाणं थांबल्यावर शेवटचा माणूस उभा राहतो ना, तसे. फाटकाशी शेवटची जागा मोकळी झाली होती. तीसुद्धा त्यांना कोणी दाखवली नाही. ते बराच वेळ माझं बूच बघत राहिले. मग कधी गेले ते मला कळलं नाही, कारण मी बूच बघत होते.

मला कळलं होतं ते उभे आहेत म्हणून. हे मला सांगितलंच पाहिजे. सावली दिसली होती. मी मान वळवली नाही. वळवली असती तर उठावं लागलं असतं.

सर, आपण घड्याळ बघताय. चार शब्द संपलेत, मला कल्पना आहे. पण चिटणीस म्हणून एक शेवटचा मुद्दा मांडायचा आहे आणि तो एकट्या माझ्याविषयी नाही.

परवा आपण या समारंभाच्या तयारीसाठी बेकरीच्या मागच्या खोलीत बसलो होतो. पुष्पगुच्छ कोणी द्यायचा, कोण बोलणार, हे ठरत होतं. बेकरीवाले सहज म्हणाले, 'काका जायला तयार झाले ते माझ्यामुळे. मला विचारायला आले होते, मी सांगितलं, जा, नातवंडांत माणूस रमतो.' हेडसर म्हणाले, अहो, तुम्हाला कसं? ते तर माझ्याकडे आले होते, मी हवापालट करा म्हणालो. फोटोग्राफर म्हणाले, मलाही विचारलं होतं की. आम्ही हसलो. कोणीतरी म्हणालं, काकांनी मतदानच घेतलेलं दिसतंय. मग मी विचारलं की त्यांना 'नका जाऊ' असं कोण म्हणालं. बेकरीवाले हात धुवायला उठले, हात आधीच धुतलेले असताना. चहा पुन्हा एकदा झाला, कोणाला नको असताना.

काय झालं होतं ते आपल्या सगळ्यांना त्या खोलीत कळलं. म्हणूनच त्यानंतर कोणी ते बोललं नाही. काकांनी ज्याला ज्याला विचारलं, तो प्रत्येक जण त्यांच्या जाण्याने एक जागा पुढे सरकणार होता. खोल पाण्याच्या एक जागा जवळ. आम्ही कोणी ठरवून बोललो नाही, कोणी खोटं बोललं नाही, कोणाच्या मनात काकांबद्दल वाईट नव्हतं. प्रत्येकाने खरीखुरी, चांगली, समजूतदार कारणं दिली. आणि या अख्ख्या प्रकरणात एकच माणूस त्यांना म्हणाला की एक दांडा बसवा आणि खुशाल बसा. ते म्हणजे आजचे प्रमुख पाहुणे. डॉक्टरसाहेबांना मासेमारीतलं ओ की ठो कळत नाही आणि त्यांची आमच्या काठावर जागा नाही. दांडा बसवायला किती काम होतं हो? आमच्यात एक वेल्डर आहे. तो फाटकाकडून तिसरा बसायचा. आता चौथा बसतो.

तुम्ही खाली बघताय. मला तुम्हाला खाली बघायला लावायचं नव्हतं, खरंच. मी स्वतः सगळ्यांत पुढच्या जागेवर बसले आहे, तेव्हा मी कोणाला काय बोलणार?

मी ठरवून आले होते की इथे उभं राहून काकांना म्हणायचं, नका जाऊ. काल दिवसभर हेच घोकलं. पण मग विचार केला की हे तरी मी कोणासाठी म्हणणार? मी 'जा' म्हणाले ते माझ्या सोयीचं होतं. आता 'नका जाऊ' म्हणाले, तर माझ्या मनाची टोचणी जाईल, रात्रीची झोप परत येईल, तेही माझ्याच सोयीचं. शिवाय शेजारी काका नसलेला रविवार मला नकोय, हाही स्वार्थच. आणि समोर ही मुलगी बसली आहे, जी बाबांच्या खोलीला नवे पडदे लावून आली आहे. तिचं काय?

म्हणजे सल्ला द्यायची माझी लायकी उरलेली नाही. पण एक गोष्ट राहून गेली आहे, ती करता येईल. काका, आम्ही सगळ्यांनी तुम्हाला सांगितलं. विचारलं कोणीच नाही. म्हणून विचारते. चिटणीस म्हणून नाही, लिफ्टमधली बाई म्हणून विचारते. तुम्हाला काय हवंय?

कोणीतरी माईक द्या त्यांच्याकडे. नको म्हणतायत. बरं, मी त्यांच्या जवळ जाते. एक मिनिट, अध्यक्ष महोदय.

मागच्यांना ऐकू आलं नसेल, म्हणून सांगते. काका म्हणतायत, 'मला लेकीकडे जायचंच होतं. तुम्ही सगळे नको म्हणाला असतात, तरी गेलो असतो.'

टाळ्या थांबवा. कृपा करून थांबवा. त्यांचं बोलणं संपलेलं नाही.

ते म्हणतायत, 'मी विचारत फिरलो, ते कोणीतरी थांबा म्हणावं म्हणून. थांबणार नव्हतोच. पण ऐकायला बरं वाटलं असतं. आणि रविवारी मला वाटलं होतं, एवढे सगळे आहेत, कोणीतरी म्हणेल, काका, जरा बसा.'

जरा थांबा, मी परत वर येते.

अध्यक्ष महोदय, आपण मला ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ दिलात. डॉक्टरसाहेब, आपण आलात, आणि आपल्याला यायला सांगताना आम्ही जे बोललो नव्हतो तेही शांतपणे ऐकून घेतलंत. बाळ, तू तुझे बाबा इतकी वर्षं आम्हाला दिलेस. सभागृहातल्या सर्वांनी मधेच उठून न जाता मला बोलू दिलं. या सगळ्यांची मी मनापासून ऋणी आहे. समारंभाला न शोभणारं काही तोंडून गेलं असेल, कोणाला बोचलं असेल, तर मोठ्या मनाने मला क्षमा करावी. रविवारची क्षमा मात्र मी इथून मागत नाही. ती या माईकवरून मागायची गोष्ट नाही.

काका, तुमची गाडी उद्या दुपारची आहे. उद्या रविवार. मी सकाळी तुमच्या दाराशी येते. दांडा नाहीये, तेव्हा माझा खांदा धरून उतरा. तुम्ही बसा. मी मागे उभी राहते.